एक पातेलं चिलीचं

धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जायचं ठरलं तेव्हा माझ्या बॅगेत माझे कपडे कमी आणि डिंक, अळीव, खारीक, सुंठ, बाळंतशेपा हेच जास्त होतं. आईचे गुडघे धरलेले, तिला एवढा लांबचा प्रवास झेपणार नव्हता. ‘तू मोठी, आता तूच आईच्या जागी,’ असं सगळ्यांनी म्हटलं आणि मीही पदर खोचून निघाले. 2018 चा डिसेंबर होता. मिशिगन राज्यात डेट्रॉईट शहराजवळ तिचं घर. गाड्यांच्या कारखान्यांचा हा भाग, त्यामुळे इंजिनीअर झालेली आपली मराठी मंडळीही तिथं बऱ्यापैकी आहेत.

बाळ झालं. गोरागोमटा मुलगा, साडेतीन किलोचा. इकडे आईनं फोनवरून पेढे वाटल्याचं सांगितलं. मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. सकाळी अळिवाची खीर, दहाला डिंकाचा लाडू, दुपारी मऊ भात, तूप, मेथीची भाजी. आमच्या आजीनं आईचं केलं, आईनं माझं केलं, तसंच्या तसं.

पहिला आठवडा बरा गेला. मग बहीण हळूहळू गप्प होत गेली. ताट समोर ठेवलं की दोन घास खायची आणि सरकवून द्यायची. केस विंचरायची नाही. बाळ रडलं तर भिंतीकडे बघत बसायची. रात्री बाळ झोपलं तरी ही जागीच. मी म्हणायचे, ‘अगं, पदरात मूल आहे, नवरा हाताखाली राबतोय, घरात कशाला कमी नाही. सुखाच्या दिवसांत रडतेस काय?’ आणि आणखी एक लाडू तिच्या हातात कोंबायचे.

मैत्रिणींनो, हे लिहिताना मला आजही लाज वाटते. गेली पंधरा-सोळा वर्षं मी गावात महिलांबरोबर काम करते. बचत गटाच्या बैठकीत ‘आधी बाईचं ऐकून घ्या’ असं मी दहादा तरी सांगितलं असेल. पण स्वतःच्या बहिणीचं ऐकायची वेळ आली तेव्हा माझ्या कानात आजीच्या खिरीचं प्रमाणच घोळत होतं.

दारावरची थाप

2019 च्या जानेवारीअखेरीस तिकडे अशी थंडी पडली, की पारा उणे 25 अंशांच्या आसपास गेला. शाळा बंद, पोस्टाची टपालं बंद. खिडकीची काच आतून हातानं पुसली तरी बोटं बधिर व्हायची. थंडी जरा ओसरली त्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. शेजारच्या बाई उभ्या. वय सत्तरीच्या पुढचं, डोक्यापासून पायापर्यंत लोकर आणि हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं मोठं पातेलं.

तिकडे एक चांगली पद्धत आहे. घरात बाळंतीण असली, कुणी आजारी असलं, कुणाचं ऑपरेशन झालं, की शेजारीपाजारी आणि मित्रमंडळी आळीपाळीनं जेवण पोचवतात. कुणी कोणत्या दिवशी काय आणायचं याची यादी करतात. आपल्याकडे दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारणी पिठलं-भात पोचवतात ना, तसंच. फक्त तिकडे ते सुखातही करतात. मला वाटतं, हे आपण घेण्यासारखं आहे. दुःखात डबा नेतो, पण बाळंतिणीला ‘माहेरचे करतील’ म्हणून सोडून देतो.

बाईंनी पातेल्याचं झाकण काढलं. आत दाट, लालसर तपकिरी, बारीक खिम्याचा रस्सा. जिरं, लसूण, आणि मागून हळूच दालचिनीचा वास. बरोबर लांबुडके पाव, सॉसेजचं पाकीट, पिवळी मोहरीची बाटली आणि डबीत बारीक चिरलेला कांदा. याला म्हणायचं ‘चिली’. नावावरून मिरची वाटते, पण तिकडे खिम्याच्या या रश्शालाच चिली म्हणतात. आणि तो ज्यावर घालायचा ते ‘हॉट डॉग’. नाव ऐकून दचकू नका, त्याचा कुत्र्याशी काही संबंध नाही. वीतभर लांबीचा मांसाचा सॉसेज गरम करून पावात घालतात, एवढंच. आमच्या घरी गाईचं मांस चालत नाही हे बाईंनी आधीच बहिणीच्या यजमानांना विचारून घेतलं होतं. त्यामुळे त्यांनी टर्की पक्ष्याच्या खिम्याची चिली केली होती आणि सॉसेज चिकनचे आणले होते. इतकं विचारून करणारी शेजारीण आपल्या गल्लीतही क्वचितच मिळते.

वासानं बहीण जिना उतरून खाली आली. गाऊनवर शाल, केस पिंजारलेले. काही न बोलता टेबलाशी बसली. बाईंनी पावात सॉसेज घातला, वर दोन पळ्या चिली, मोहरीची एक रेघ, मूठभर कांदा. बहिणीनं एक संपवला. दुसरा घेतला. हनुवटीवर मोहरी लागलेली, ते पुसायचंही भान नाही. मी मनात म्हटलं, ओल्या बाळंतिणीला हे असलं तिखट-आंबट! ओरडणारच होते, तेवढ्यात ती म्हणाली, ‘ताई, तीन आठवड्यांनी आज मला भूक लागली.’

आणि मग अगदी शांतपणे म्हणाली, ‘तू परत जाशील ना, तेव्हा बाळाला घेऊन जा. मला नाही जमणार.’

दहा प्रश्नांचा कागद

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. बाईंना मराठी कुठलं कळायला? पण बहिणीचा चेहरा आणि माझा चेहरा बघून त्यांना जे कळायचं ते कळलं. खुर्ची ओढून त्या तिच्याजवळ बसल्या. बहीण मला मधून मधून मराठीत सांगत होती, त्यावरून समजलं ते असं. बाईंच्या दुसऱ्या बाळंतपणानंतर त्याही कित्येक महिने अंथरुणातून उठल्या नव्हत्या. नवरा गाडीच्या कारखान्यात पाळीवर. डॉक्टर म्हणाले, थकवा आहे. लोक म्हणाले, आळस आहे. सासूबाई मात्र दर शनिवारी चिलीचं पातेलं घेऊन यायच्या, उपदेशाचा एक शब्द न बोलता तिला खाऊ घालायच्या आणि मुलांना बाहेर घेऊन जायच्या. ‘त्या वेळी याला नाव नव्हतं,’ बाई म्हणाल्या, ‘आता आहे.’ मग त्यांनी विचारलं, ‘तुला डॉक्टरांनी तो दहा प्रश्नांचा कागद दिला का?’

दुसऱ्याच दिवशी बहिणीच्या यजमानांनी दवाखान्यात फोन करून लवकरची वेळ घेतली. तिथं तो कागद मिळाला. 1987 मध्ये ब्रिटनमध्ये तयार झालेली ही प्रश्नावली आज जगभर वापरतात. तुम्हाला हसू येतं का, उगाच घाबरल्यासारखं होतं का, झोप लागत नाही इतकं वाईट वाटतं का, असे साधे प्रश्न. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याचा विचार येतो का, हा. त्या प्रश्नाशी बहिणीचं पेन थांबलं. मी दुसरीकडे बघितलं. तिनं खरं उत्तर लिहिलं, हे तिचे उपकारच म्हणायचे.

बाळंतपणानंतरचं नैराश्य, असं डॉक्टरीण बाईंनी स्पष्ट सांगितलं. पहिल्या पंधरा दिवसांत रडू येणं, चिडचिड होणं हे पुष्कळजणींना होतं आणि आपोआप जातं. पण ते पंधरा दिवसांच्या पुढे टिकलं, भूक-झोप गेली, बाळाची ओढ वाटेना, तर तो आजार आहे आणि त्यावर उपाय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे जगात बाळंत झालेल्या शंभरातल्या सुमारे 13 जणींना असा मानसिक त्रास होतो. विकसनशील देशांत हे प्रमाण वीसच्या घरात जातं. म्हणजे आपल्या प्रत्येक गल्लीत एखादी तरी असणार. आपण तिला ‘आळशी’ म्हणतो, ‘लाडावलेली’ म्हणतो, नाहीतर बाहेरचं काही लागलं म्हणून नजर उतरवतो.

चिली खाऊन बहीण बरी झाली असं मी मुळीच म्हणत नाही. ती बरी झाली औषधानं, आठवड्याला समुपदेशकाशी बोलून आणि झोपेनं. रात्रीचं एक दूध बाटलीनं पाजायचं काम तिच्या यजमानांनी घेतलं. पण बोलण्याचं दार उघडलं ते त्या पातेल्यानं, हेही तितकंच खरं.

परतू नका हो!

मग मी बाईंकडे शिकायला गेले. बाईंनी एका शाळेच्या स्वयंपाकघरात वीसेक वर्षं काम केलेलं. माझं इंग्रजी बी.ए.च्या पुस्तकातलं, त्यांचं भरभर. पण स्वयंपाकघरात भाषा फारशी लागत नाही.

पहिला धक्का असा, की खिमा परतायचा नाही. आपण काय करू? तेलात कांदा लाल करू, मसाला परतू, मग खिमा घालून खरपूस करू. मी तेलाची बाटली शोधायला लागले, तर बाईंनी माझा हात धरला. त्यांनी कच्चा खिमा पातेल्यात घेतला, वर थंड पाणी ओतलं आणि हातानं कुस्करून पार लगदा केला. मग गॅस लावला. गरम तेलात खिमा पडला की त्याच्या गुठळ्या होतात. थंड पाण्यात आधीच मोकळा केला तर रवाळ, बारीक राहतो आणि पावावर छान पसरतो. मग मंद आचेवर दोन-अडीच तास नुसतं रटरटू द्यायचं. दुसऱ्या दिवशीपर्यंत फ्रीजमध्ये ठेवायचं, वर गोठलेली चरबी चमच्यानं काढून टाकायची आणि पुन्हा उकळायचं. मुरलेली चिली ताज्यापेक्षा चवीला सरस लागते. आपलं शिळं कालवण लागतं ना, तसंच.

दुसरी फजिती माझी. त्यांच्या कागदावर ‘चिली पावडर, तीन मोठे चमचे’ असं होतं. घरी येऊन मी उत्साहानं केली आणि तीन मोठे चमचे गावाहून नेलेलं आपलं लाल तिखट घातलं. भावोजींच्या डोळ्यांतून धारा! नंतर कळलं, तिकडच्या दुकानातली चिली पावडर म्हणजे नुसतं तिखट नव्हे. सौम्य मिरची, जिरं, लसूण, ओरेगॅनो आणि बहुधा मीठ असा तो तयार मसाला असतो. बाईंना सांगितलं तेव्हा त्या टेबलावर हात आपटून हसल्या. आणि त्यांच्याबरोबर, कितीतरी दिवसांनी, माझी बहीणही.

मिरचीचा प्रवास

पातेलं रटरटत असताना बाई गोष्टी सांगायच्या. पुढे मीही वाचत गेले. चिली मूळची टेक्सास राज्यातली, मेक्सिकोच्या सीमेवरची. सॅन अँटोनिओ शहराच्या चौकात एकोणिसाव्या शतकात मेक्सिकन वंशाच्या बायका संध्याकाळी कंदील लावून टेबलं मांडायच्या आणि गरम चिली विकायच्या. लोक त्यांना ‘चिली क्वीन्स’ म्हणजे चिलीच्या राण्या म्हणत. 1930 च्या दशकात आरोग्य खात्याच्या नियमांनी त्यांचे ठेले उठत गेले. हातगाडीवर पोट असणाऱ्या बायकांचं दुखणं सगळीकडे एकच, हे वाचून वाटलं. 1977 मध्ये टेक्सासनं चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ केलं.

ती चिली हॉट डॉगवर चढवली ती मात्र ग्रीस आणि मॅसेडोनियाहून पोट भरायला आलेल्या माणसांनी. डेट्रॉईटमध्ये त्या हॉट डॉगला ‘कोनी’ म्हणतात. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर हॉट डॉग प्रसिद्ध होता, त्यावरून हे नाव पडलं. पण चिली घातलेला कोनी ही मिशिगनची ओळख. डेट्रॉईटच्या मध्यवस्तीत एका ग्रीक भावानं 1917 मध्ये दुकान काढलं, पुढे त्याच्या भावानं शेजारीच दुसरं. चांगला कोनी कुणाचा, यावर लोक अजून भांडतात. तासाभराच्या अंतरावरच्या फ्लिंट गावात चिली कोरडी, डेट्रॉईटची पातळ. कोल्हापूरकर आणि पुणेकरांनी मिसळीवरून भांडावं, त्यातलाच प्रकार. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात 1922 मध्ये मॅसेडोनियाच्या दोन भावांनी चिलीत दालचिनी, लवंग असे आपल्याकडचे मसाले घातले. तिथं ती शेवयांसारख्या स्पॅगेटीवर घालूनही खातात. बाईंच्या सासूबाई त्याच सिनसिनाटीच्या. म्हणून त्यांच्या पातेल्यात दालचिनीचा वास.

आणि गंमत बघा. मिरची मूळची अमेरिका खंडातली, ती पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणली. दालचिनी-लवंग आपल्या बाजूची, ती तिकडे गेली. बाईंच्या पातेल्यात दोघी भेटल्या.

गावी परतल्यावर

मार्चमध्ये मी निघाले तेव्हा बहीण बाळाला तेल लावत गाणं म्हणत होती. ‘घेऊन जाऊ का गं याला?’ असं मी मुद्दाम विचारलं, तर तिनं त्याला छातीशी घट्ट धरलं. भाचा आता शाळेत जातो आणि कोनीवर कांदा नको म्हणून हट्ट करतो.

परत आल्यावर मी माझ्या कामात दोन गोष्टी बदलल्या. गावातल्या बाळंतिणीला भेटायला जाताना आता मी ‘खाल्लंस का?’ असं विचारत नाही. ‘तुला काय खावंसं वाटतंय?’ असं विचारते. आणि बाळाचं वजन विचारायच्या आधी तिची झोप विचारते. मागे एकीनं दबक्या आवाजात सांगितलं, ‘ताई, वडापाव.’ तिची सासू बघतच राहिली. मी वडापाव घेऊन गेले. वडापाव खाता खाता ती जे बोलली, त्यावरून दुसऱ्या दिवशी आशाताईंना बरोबर घेऊन आम्ही तिला जिल्हा रुग्णालयात नेली. जवळ कुणी नसेल तर ‘टेलिमानस’ ही सरकारी मोफत सेवा 2022 पासून आहे. 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक फ्रीजवर चिकटवून ठेवा.

आता कृती. आपल्या बाजारात मिळेल त्यात बसेल अशी केली आहे.

चिली हॉट डॉग (आठ नग)

साहित्य : अर्धा किलो मटणाचा किंवा चिकनचा बारीक खिमा (खाटकाला दोनदा काढून द्यायला सांगा), तीन कप थंड पाणी, दोन कांदे अगदी बारीक चिरून, लसणाच्या सहा पाकळ्या ठेचून, दोन टोमॅटोंचा रस, दोन छोटे चमचे बेडगी मिरचीचं तिखट, दोन छोटे चमचे भाजलेल्या जिऱ्याची पूड, एक छोटा चमचा ओरेगॅनो (नसेल तर चिमूटभर ओवा चुरडून), पाव चमचा दालचिनी पूड, दोन लवंगांची पूड, एक चमचा व्हिनेगर, अर्धा चमचा साखर, मीठ, चार खाऱ्या बिस्किटांचा चुरा. याखेरीज आठ सॉसेज, आठ लांब पाव, मोहरीचा सॉस आणि वरून घालायला कच्चा कांदा.

कृती : जाड बुडाच्या पातेल्यात खिमा आणि थंड पाणी एकत्र करून हातानं पूर्ण मोकळं करा. मगच गॅस लावा. उकळी येताना वर फेस येईल, तो काढून टाका. कांदा, लसूण, टोमॅटो, सगळे मसाले आणि मीठ घाला. आच मंद करा आणि झाकण अर्धवट ठेवा. मटणाला दीड ते दोन तास, चिकनला पाऊण तास. मधून मधून ढवळा, कोरडं पडलं तर गरम पाणी घाला. शेवटी व्हिनेगर, साखर आणि बिस्किटांचा चुरा घालून दहा मिनिटं दाट होऊ द्या. पळीतून सावकाश पडेल इतपत पातळ हवी. पाव वाफेवर मऊ करा. त्यात गरम सॉसेज ठेवून वर चिली, मोहरीची रेघ आणि कांदा. सॉसेज मिळाले नाहीत तर लादीपावात नुसती चिली भरा. आमच्या घरी पोरांना तीच जास्त आवडते.

हे लक्षात ठेवा : खिमा अर्धकच्चा ठेवू नका. अखंड तुकड्यावर जंतू वरच्यावर असतात, खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. तयार चिली दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. पसरट भांड्यात लवकर निववून फ्रीजमध्ये ठेवली तर तीन दिवस टिकते, खाताना मात्र खळखळून उकळा. गरोदर बाईला पाकिटातला सॉसेज थंड देऊ नका, वाफा निघेपर्यंत गरम करूनच द्या. चार वर्षांखालच्या मुलाला सॉसेजच्या गोल चकत्या देऊ नका, घशात अडकतात. आधी उभे चिरा, मग बारीक तुकडे करा. आणि सॉसेज हे रोजचं खाणं नव्हे. त्यात मीठ भरपूर असतं. शिवाय असं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाचा धोका वाढवतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2015 मध्ये जाहीर केलं आहे. म्हणून कधीतरी, हौसेनं.

करताना थोडी जास्तच करा. एक डबा शेजारच्या बाळंतिणीला जाऊ द्या. ती मांसाहारी नसेल तर तिच्या आवडीचं दुसरं काही न्या. पण आधी तिला विचारा, आणि डबा देऊन लगेच उठू नका. दहा मिनिटं बसा.